गुरम्माला गप केलं तेव्हा

मित्रांनो, जुना झालो म्हणून मला लगेच भंगारात काढू नका. मी सोलापुरातल्या एका किराणा दुकानातला लोखंडी तराजू आहे. दोन पितळी पारडी, त्यांच्या साखळ्या आणि मधोमध एक काटा, एवढंच माझं शरीर. मला तोंड नाही, पण दुकानात टांगलेल्याला ऐकू मात्र सगळं येतं.

एका लोहाराने मला घडवलं आणि दुकानाच्या मालकांनी, सिद्धप्पांनी, मला आणून इथे टांगलं. ते गेल्यावर त्यांची बायको गुरम्मा गल्ल्यावर बसू लागली. बाई मोठी खमकी. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मोडकंतोडकं मराठी, पण माप चोख. "गुरम्माकडं पारड्याला बोट लागत न्हाय," असं म्हणत लोक पार कुंभारी गावाहून ज्वारी-डाळीला यायचे. ते ऐकून मला फार ताठा चढायचा.

पुढे तिच्या मुलाने, नंदीशने, विजेवरचा काटा आणला. लाल आकडे दाखवणारं ते यंत्र पुढे बसलं आणि मी कोपऱ्यात गेलो. साखळ्यांवर धूळ बसली. एका पारड्यात कुणीतरी सुतळीचा गुंडा टाकून दिला. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आमच्यासारख्यांकडे बघूनच कुणी केली असावी.

मला पुन्हा काम दिलं ते लीलाने. लीला म्हणजे शिवलीला, नंदीश आणि त्याची बायको हेमावती यांची मुलगी. ती स्वमग्न आहे. पण हा शब्दच तेव्हा घरात कुणी ऐकला नव्हता. हाकेला वळत नाही, नजरेला नजर देत नाही, मिक्सर लागला की कान दाबून ओरडते, एवढं सगळ्यांना दिसायचं. शाळेत जायचं वय झालं तरी ती बोलत नव्हती. माझी पारडी हलू लागली, की मात्र ती शांत होऊन बघत राहायची.

गुरम्माने ते हेरलं. तिने मला पुसून लीलाच्या हाताला येईल असं खाली टांगलं आणि वजनं तिच्यापुढे ठेवली. लीला एकेक वजन पारड्यात ठेवायची आणि गुरम्मा बाजारच्या रीतीने मोजायची. पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "लाभ," गुरम्मा म्हणायची, आणि पुढे कानडीत दोन, तीन, "एरडु, मूरु."

एका दुपारी गुरम्माला खोकला आला आणि मोजणं अडलं. तेव्हा लीलाच म्हणाली, "एरडु." तो तिचा पहिला शब्द. गुरम्माने पदर डोळ्यांना लावला. पुढे हळूहळू आणखी शब्द आले. पाणी, चटणी, आजी, सगळे कानडीत.

मग लीला शाळेत जाऊ लागली. तिथल्या बाईंनी नंदीशला बोलावून घेतलं. संध्याकाळी तो दुकानात आला तो मनाशी ठरवूनच, आणि आईला म्हणाला,

"अव्वा, आजपासनं पोरीशी कानडी बोलायचं न्हाय. घरात एक अन् भाईर एक, अशानं तिच्या डोक्यात गोंधळ हुतोय म्हणं. निस्तं मराठी बोलायचं."

"मला मराठी कुटं नीट येतंय? मग मी काय बोलू?"

"मग गप बस की थोडे दिवस. तिच्या भल्यासाठीच हाय."

दुसऱ्या दिवशी लीलाने पारड्यात वजन ठेवलं आणि वाट बघत उभी राहिली. गुरम्मा पदराचा बोळा तोंडात धरून रस्त्याकडे बघत होती. लीलाने वजन उचललं, परत ठेवलं. परत उचललं. मी नुसता हललो. मला तेवढंच येतं. शेवटी तिने ते वजन भिरकावलं आणि शेंगदाण्यांची काचेची बरणी फुटली. नंदीशने तिच्या थोबाडीत मारली. मला त्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर लीला स्वतःचं मनगट चावू लागली, भिंतीवर डोकं आपटू लागली. "लाडानं शेफारलीय," असं गिऱ्हाइकं म्हणायची. कुणी अंगारा सुचवायचं, कुणी फटके. शाळेनेही तिला घरी पाठवलं. आलेले शब्द एकेक करून निघून गेले. आणि गुरम्मा समजून बसली, की आपल्याच बोलीने नातीचं वाटोळं केलं. माझ्या साखळीला धरून ती तासन् तास मुकी बसायची.

हेमावती मात्र स्वस्थ बसली नाही. अशा मुलांचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्राचा पत्ता तिने शोधून काढला. तिथल्या धम्मप्रियाताई लीलाला पाहायला दुकानातच आल्या. लीलाला त्यांनी हातही लावला नाही. लांब बसून नुसतं पाहिलं, आणि मग विचारलं, "हिच्याशी आधी सगळ्यात जास्त कोण बोलायचं?"

हेमावतीने सासूकडे बोट केलं आणि झालेलं सगळं सांगितलं.

"दोन भाषांनी अशी मुलं बिघडत नाहीत," ताई म्हणाल्या. "संशोधकांनी हे तपासून बघितलंय. शाळेतल्या बाईंनी चांगल्या मनानं सांगितलं असेल, पण ते मत चुकीचं आहे. तुम्ही तिच्याशी बोलणारं माणूसच काढून घेतलंत."

नंदीशचा चेहरा उतरला. "शब्द परत येतील का तिचे?"

"तसं वचन मी देऊ शकत नाही. आजींना बोलू द्या. लीला उत्तर देवो न देवो, त्यांनी बोलत राहायचं. आणि हिच्यावर हात उचलायचा नाही."

नंदीश आईपुढे जाऊन बसला. "अव्वा, माझं चुकलं. बोल तू."

"ईग एन माताडली?" गुरम्मा म्हणाली. आता काय बोलू, असं ती विचारत होती.

तरी ती बोलू लागली. रोज मला पुसायची, वजनं मांडायची, "बारव्वा," म्हणजे ये गं बाई, म्हणत लीलाला बोलवायची. लीला यायची नाही. आली तरी पाठ करून बसायची. गुरम्मा त्या पाठीशीच बोलायची, डाळीविषयी, पावसाविषयी, सिद्धप्पांविषयी.

काल बोलता बोलता गुरम्मा दमली आणि थांबली. पाठमोरी लीला हळूच वळली. तिने आजीकडे पाहिलं नाही, शब्दही काढला नाही. फक्त हात लांब करून तिने गुरम्माच्या ओठांवर बोटं ठेवली आणि ते पुन्हा बोलण्यासाठी हलेपर्यंत तशीच बसून राहिली.

मित्रांनो, माप कमी भरलं तर वरून मूठभर टाकून पुरं करता येतं. लीलाचे बोलण्याविना गेलेले महिने कुणालाच पुरे करून देता येणार नाहीत, आणि गुरम्मा आता म्हातारी झाली आहे. तुमच्या वर्गात, गल्लीत लीलासारखं मूल असेल, तर त्याला हसू नका, वेडं म्हणू नका. ते कुणाजवळ शांत होतं तेवढं बघा, आणि त्या माणसाला बोलू द्या.