सावलीची जोडी

"सराव मोड आणलास ना विनीत, तर तुझी बिनजोड संपली समज," हरिचंद्र म्हणाला आणि बशीतला शेवटचा सामोसा त्याने उचलला. वाद जिंकल्यावर माणूस जसा ऐटीत उचलतो तसा. वाद अजून सुरूही झाला नव्हता.

विनीत त्याचा भाचा. शिरगावातल्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दोन कॉम्प्युटर मांडून त्याने शर्यतीचा मोबाइल गेम बनवला होता, नाव बिनजोड. दोन छकडे, प्रत्येकाला बैलांची जोडी, अंगठ्याखाली डावा-उजवा कासरा, सरळ धावपट्टी, वाटेत कडेला एक आंब्याचं झाड आणि जिंकेल त्याच्यावर गुलाल. बदलापूर-अंबरनाथची पोरं त्यावर तुटून पडली होती. त्या सगळ्यांत एक नंबर होता हरिचंद्र भोईर, शिरगावातल्याच एका मोठ्या सोसायटीचा पंप ऑपरेटर. आणि गेल्या महिन्यापासून दोन नंबरला होती तेजल भोईर, म्हणजे त्याची बायको. सगळी गोम इथेच होती.

"मामा, ऐकून तर घ्या," विनीत म्हणाला. "आता काय होतं? नवीन पोरगा येतो, पहिल्याच शर्यतीत हरतो. हरला की त्याची जोडी दमते, उद्यापर्यंत बसून राहते. तो गेम डिलीट करतो. सराव मोडमध्ये जोडी दमणारच नाही. हवं तेवढं पळवा. फक्त गुलाल नाही आणि नंबरही वाढणार नाही. आणि सोबत पळायला एक नंबरवाल्याची सावली."

"म्हणजे माझी."

"तुमचीच. तुमची सगळ्यात भारी धाव रेकॉर्ड करून ठेवायची. करड्या रंगाची जोडी. तिच्या बाजूनं पळायचं, बघायचं, शिकायचं."

"फुकट शिकायचं!" हरिचंद्र उसळला. "मी इथवर हरून हरून आलो. सगळेच घरबसल्या वस्ताद झाले तर शर्यत लावणार कोण? नंबराला किंमत काय रायली? गेमचा तोल जाईल, तोल."

'तोल' हा शब्द त्याने विनीतकडूनच उचलला होता आणि आठवडाभर तो जिथेतिथे वापरत होता.

"हरिभाई, तोल को छोडो," भूपेश म्हणाला. उल्हासनगरला त्याचं मोबाइल कव्हरचं दुकान होतं आणि गेममधल्या जाहिराती त्याच्या ओळखीने येत. "पब्लिक रुकना मांगता है. रोज नवे पोरं येतात, रोज पळून जातात. मेरे को तो मोड चाहिये."

तेजल इतका वेळ खिडकीपाशी बसून होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला ती जायची आणि अजून अंगावर तोच निळा कोट होता. ती शांतपणे म्हणाली, "ह्यांचा सराव रोजच चालू असतो. टाकी भरंपरेंत पंपरूममधी बसून दुसरा काय करतात? माझा मोबाइल दिवसभर लॉकरमधी. जेवणाच्या सुट्टीत एक शर्यत लावायची, ती हरली की जोडी बसली. मग मी शिकू कधी? तोल आता तरी कुठं हाय?"

विनीत हसला, भूपेशने मान डोलावली, आणि हरिचंद्रच्या मनात जे उठलं त्याला मत्सराशिवाय दुसरं नाव नाही. परक्या पोराने एक नंबर घेतला असता तर चार शिव्या घालून तो गप्प बसला असता. पण मागच्या हळदीला मेव्हण्याच्या मांडवात पोरांनी त्याला घेरलं होतं, 'बिनजोडचा एक नंबर' म्हणून सेल्फी काढले होते. आयुष्यात पहिल्यांदा हळदीत त्याला कोणी ताटं उचलायला सांगितलं नव्हतं. ती जागा उद्या तेजलची झाली तर हा पुन्हा ताटांपाशी. शिवाय ताटं उचलताना ऐकावं लागणार, 'बायकोनं हरवला.'

त्या रागात तो बोलून गेला.

"चल, पैज. हिला आठवडाभर सराव मोड दे. फक्त हिला. रविवारी आमची दोघांची शर्यत. हिनं मना हरवला, तर मोडनं गेमचा तोल बिघडतो हे शाबीत झाला. मोड रद्द. मी हरवला तर आण तुझा मोड खुशाल."

"डन," विनीत म्हणाला. तेजलने नवऱ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

घरी जाताना रिक्षात हरिचंद्रच्या डोक्यात उजेड पडला. मोड बंद पाडायचा तर आपल्याला हरावं लागणार, आणि एक नंबर राखायचा तर जिंकावं लागणार. मग मोड येणार आणि उद्या ना परवा कुणीतरी आपल्याला खाली ओढणारच. स्वतःच्याच तोंडाने त्याने स्वतःला चहूबाजूंनी कोंडलं होतं. त्याने शेजारी पाहिलं. तेजल खुदुखुदु हसत होती.

"आता कळला का?" ती म्हणाली.

"तुझा पण तेच ना," तो फणकारला. "जिंकलीस तर तुझाच मोड जाईल."

तिचं हसू थांबलं. तिने एवढा विचार केला नव्हता.

तो आठवडा हरिचंद्रला फार जड गेला. तेजल कामावरून आली, की कुकर लावायची, ओट्याला टेकून उभी राहायची आणि मोबाइल आडवा धरायची. पडद्यावर तिची तांबडी जोडी आणि बाजूने ती करडी सावली. हरिचंद्र हॉलमधून बघायचा. टीव्ही चालू ठेवून बघायचा, म्हणजे बघतोय असं वाटू नये.

"थांब ना जरा," एकदा ती सावलीला म्हणाली. "एवढी कसली घाई?"

तो सोफ्यावर ताठ झाला. ह्या आवाजात ती आपल्याशी शेवटचं कधी बोलली होती, ते त्याला काही केल्या आठवेना. लग्नानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत कधीतरी बोलली असेल. पुढे दोघांमध्ये दूध, गॅस, पोराची फी एवढंच उरलं होतं. आणि आता ती रोज तासभर त्याच्या सावलीबरोबर घालवत होती. तिच्या चुका पोटात घालत होती, तिच्यावर खूश होत होती. खरा हरिचंद्र इकडे पाण्याचा पेला मागून मागून थकला होता. माणसाने जळायचं तरी कोणावर? तो आधी बायकोवर जळत होता, आता स्वतःच्या सावलीवरही जळायला लागला.

गुरुवारी त्याने विनीतला फोन केला. "सावली काढून टाक. मोड ठेव, पण सावली नको."

"का मामा?"

"माझी धाव हाय ती. माझ्या परवानगीशिवाय कोण पण बघंल?"

"मामी बघते फक्त."

"तेच तर," हरिचंद्र म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

रविवारी विनीतच्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर गेम लावला होता. भूपेश उल्हासनगरहून नाश्त्याला दालपकवान घेऊन आला होता. तेजल रविवारचा ओव्हरटाइम करून निळ्या कोटातच आली होती. नवरा-बायको एकाच सोफ्यावर दोन टोकांना बसले. मध्ये उशी.

येताना हरिचंद्रने मनाशी पक्कं केलं होतं, की हरायचं. मोड मरू दे. एक नंबर काय, महिन्याभरात परत घेऊ. पडद्यावर झेंडा पडला, आणि झेंडा पडताक्षणी तो हे सगळं विसरला. अंगठे आपोआप सुटले. आपल्या पांढऱ्या जोडीला त्याने जीव तोडून हाकलं. तेजलची जोडी सुटतानाच अर्धी मान पुढे होती; आठवडाभर तिने सगळ्यात जास्त सुटण्याचाच सराव केला असावा. त्याने गाठायला जोर लावला. आंब्याच्या झाडापाशीही अंतर तेवढंच राहिलं, पुढे तो रेटत राहिला, तीही रेटत राहिली आणि तेवढ्याच अर्ध्या मानेने तेजलची जोडी रेषेपार गेली. टीव्हीभर गुलाल उधळला.

तेजलने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"मी शर्यत सोडणार होते," ती म्हणाली. "खरंच. मोड रायला पायजे म्हणून. नाय सोडवली."

हरिचंद्रचे कान तापले होते. जिंकलीस ती जिंकलीस, वर सोडणार होतीस?

"तो फिर क्या," भूपेशने दालपकवानाचा तुकडा मोडला. "शर्त के हिसाबसे मोड कॅन्सल."

"थांब," विनीत म्हणाला. "मोडनं तोल बिघडला की नाही, ते बघू तर दे." त्याने शर्यत पुन्हा लावली, सावकाश गतीने. पांढरी आणि तांबडी जोडी पाण्यातून चालल्यासारखी पुढे सरकू लागली. आंब्यापाशी त्याने चित्र थांबवलं.

"मामी, इथं उजवा कासरा का ओढला? रस्ता तर सरळ आहे."

"ह्यांची सावली ओढते," तेजल म्हणाली. "दर वेळी, झाड आला की. मना वाटला तीच ह्यांची खुबी."

विनीतने पुढे-मागे करून दाखवलं. पांढरी जोडी आंब्यापाशी पळभर उजवीकडे कलत होती आणि तिथे तिचा वेग मोडत होता. तांबडी जोडीही त्याच जागी, तशीच कलत होती, तेवढीच मागे पडत होती.

"मामा, हे तर नुकसान आहे. तुम्ही का ओढता?"

हरिचंद्र टीव्हीकडे बघत राहिला. आपण तिथे ओढतो, हे त्याला आजपर्यंत माहीतच नव्हतं. गेममधली धावपट्टी विनीतने गावच्या जुन्या फोटोंवरून काढली होती. बिल्डिंगी व्हायच्या आधी गावची जोड्या पळवायची जागा तीच, आणि आंबाही तोच.

"पाखऱ्या," तो म्हणाला. "बाबांच्या जोडीतला डावा बैल. आंब्यापासून आमच्या गोठ्याची वाट फुटायची, डाव्या हाताला. तिथं आला की पाखऱ्याला घर आठवायचा. शर्यत बिर्यत काय नाय, सरळ घराकडं वळायचा. बाबा आधीच उजवा कासरा ओढून धरायचे. मी पोरगा होतो, छकड्यावर त्यांच्या पुढ्यात उभा असायचो. माझ्या हातावर त्यांचा हात."

तेजलने त्याच्याकडे पाहिलं. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. त्याने कधी सांगितलंही नव्हतं.

"म्हणजे मोडनं मामीला जादा ताकद दिली नाही," विनीत हळूच म्हणाला. "तुमचं चांगलं तेवढं दिलं आणि तुमची खोडपण दिली. पण पैज तुमची होती मामा. तुम्हीच सांगा. बिघडला का तोल?"

एक शब्द पुरेसा होता. 'बिघडला' म्हणायचं, मोड जाणार, सावली जाणार, आणि पंपरूममध्ये बसून हरिचंद्र महिन्याभरात एक नंबर परत घेणार. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता. तेजल मध्ये ठेवलेल्या उशीचा कोपरा चुरगळत होती. निळ्या कोटाच्या बाहीला पॅकिंगच्या चिकटपट्टीचा तुकडा तसाच राहिला होता.

"नाय," तो म्हणाला. "नाय बिघडला. आण तुझा मोड."

मग तो बायकोकडे वळला आणि रागावल्यासारखाच म्हणाला, "आणि तू तिथं ओढू नको. फुकट मार खाशील. गेममधल्या बैलाला घर नसतं."

मत्सर गेला होता असं नाही. आता आंब्यापाशीही ती मोकळी सुटणार, म्हणजे आपण कायमचे दोन नंबर, हे त्याला स्वच्छ कळत होतं आणि छातीत जळतही होतं. तरी तो म्हणाला, "बघू, पळव. एकटीच पळव."

तेजलने मोबाइल उचलला. झेंडा पडला. तांबडी जोडी सुटली, धुळीचा लोट मागे टाकत आंब्याकडे आली. तेजलने अंगठा वर उचलून धरला. आंबा सरळ मागे गेला, जोडी कुठेही न कलता वाऱ्यासारखी निघाली. "मामी, मामी!" विनीत ओरडला, भूपेश पकवानासकट उभा राहिला.

हरिचंद्रच्या हातात मोबाइल नव्हता. त्याचा उजवा अंगठा मात्र मांडीवर, पँटच्या कापडात दाबून, मागे ओढलेला होता.