मलावीतून दुरुस्त झालेला हापसा

दादामियाँ शेख मलावीला निघाले तेव्हा ईट गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, मलावी कर्नाटकात आहे. उरलेल्या निम्म्यांनी मोबाइलवर नकाशा बघितला आणि ते जास्तच घाबरले.

माणूस पंचायत समितीत चौतीस वर्षं हापसे दुरुस्त करून निवृत्त झाला होता. सोलापूरच्या पुढं कधी गेला नव्हता. आणि सहासष्टाव्या वर्षी एकदम आफ्रिका. कारण तसं साधं होतं. अमरसिंह साहेब म्हणून पाणीपुरवठ्यातले एक निवृत्त इंजिनियर होते, त्यांनी सात-आठ जणांचा गट जमवला होता. त्यात दोन मास्तर, एक बँकेतली बाई आणि एक दातांचा डॉक्टर. ही मंडळी दरवर्षी रजा टाकून, पदरमोड करून परदेशातल्या एखाद्या अडलेल्या गावात जायची आणि पाण्याचं नाहीतर संडासाचं काम करून यायची. मलावीत गेल्या वर्षी जाऊन बघतात तर तिथले हापसे थेट आपल्याकडच्या नमुन्याचे, आणि निम्मे बंद. गटात हापशावर भाषण करू शकणारे पाच जण होते, हापसा उघडू शकणारा एकही नव्हता. डॉक्टरांनी एकदा प्रयत्न केला म्हणतात. मग यंदा साहेबांना दादामियाँ आठवले.

दादामियाँच्या बॅगेत कपडे चार किलो आणि पाने अकरा किलो भरले. त्यांच्या बायकोनं, सरदारबीनं, वर शेंगदाण्याची चटणी कोंबली आणि म्हणाली, "तिकडं पाणी काढा, पण हिकडं यायचं इसरू नका."

ते गेले आणि पाचव्या दिवशी त्यांच्याच दारासमोरचा हापसा बंद पडला. हँडल नुसतं वर-खाली, पाणी नाही. दुसऱ्या कुणाला हात लावायची सरदारबीची परवानगी नव्हती. नवरा रोज मलावीतून फोन करायचा. "हापसा कसाय?" "चाललाय की," सरदारबी सांगायची. असे बारा दिवस तो हापसा फोनवर चालला.

तेराव्या दिवशी, मंगळवारी, पहाटेची फजरची नमाज पढून सरदारबी भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही.

घरात तबस्सुम होती. एकुलती एक, इथल्याच उर्दू शाळेत शिकवणारी. मे महिना, म्हणून सुट्टी. तिनं अम्मीला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली ती शेजारच्या धुरपदाबाईला.

नऊ वाजेपर्यंत जवळच्या वाशीहून मोठे मामू, म्हणजे सरदारबीचे थोरले भाऊ, मोटरसायकलवर आले. त्यांनी आल्या आल्या दोन गोष्टी ठरवल्या. दफन दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर. आणि दादामियाँला सांगायचं नाही.

"मामू, नऊ दिवस न्हाय सांगायचं?" तबस्सुम म्हणाली.

"नऊ दिवसांनी येतातच की. आज सांगून पोचणारेत का? तिकडं परक्या मुलखात त्यांना गळ्याशी धरायला कोण हाय, ते दातांचे डॉक्टर? हितं आल्यावर सांगू. आपल्या माणसांत रडू दे त्यांना."

 तबस्सुमनं मान हलवली. गल्लीला निरोप गेला: फोन आला तर सरदारबी पाण्याला गेलीय म्हणायचं. मे महिन्यात ईटमध्ये याहून खरी वाटणारी थाप कुणाला सुचली नसती. बाई केव्हाही पाण्यालाच गेलेली असते.

इथवर सगळं नीट होतं. मग गुस्ल देणाऱ्या दोघीजणी आल्या. मय्यतीला न्हाऊ घालायचं तर स्वच्छ पाणी लागतं. त्यांनी पिंपाचं झाकण उघडलं, वाकून वास घेतला आणि झाकण परत लावलं. परवाच्या टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास होता. शेजारच्या घरातलंही तेच पाणी. त्याच्या पलीकडच्या घरातलंही तेच. शेतांत बोअर होते, पण शेतीच्या लाइटला त्या आठवड्यात रात्रपाळी होती. दिवसा मोटरी नुसत्या बघायच्या. धुरपदाबाईच्या मळ्यातल्या विहिरीवर मोटारीशिवाय पाणी निघायचं, पण चार घागरींनी तळ दिसायचा, आणि त्या चार घागरी कालच निघाल्या होत्या, संपल्याही होत्या. कुणी काढल्या होत्या ते धुरपदाबाईला माहीत होतं. 

"जल्मभर हापशेवाल्याची बायको," ती एवढंच म्हणाली. "आन तिला डिझेलनं अंघोळ घालायची?"

तबस्सुम उठली, दाराबाहेर गेली आणि हापशासमोर उभी राहिली. दगडोबा तिथं आधीच पाना घेऊन उभा होता. दगडोबाचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी बांधायचं दुकान. हापसा मोठा का मोटार मोठी यावर त्याचा आणि दादामियाँचा वीस वर्षं वाद. आज तो हापशाभोवती दोन चकरा मारून थांबला होता.

"पोरी, ह्यातलं मला घंटा कळत न्हाय," तो म्हणाला. "ही वाईट गोष्ट तेवढी त्येला सांगू नको."

तबस्सुमनं फोन काढला. मामू धावत आले. "बेटा, काय करतीस?"

"अम्मीला पाणी काढतीय, मामू. बाकी काय न्हाय बोलत."

तिकडं सकाळचे सव्वासहा वाजले होते. पडद्यावर दादामियाँ एका आंब्याच्या झाडाखाली बसलेले दिसले. मागं एक उघडा हापसा, आणि पिवळे डबे घेतलेल्या बायकांची रांग. ती रांग बघून क्षणभर तबस्सुमला वाटलं, चुकून आपल्याच गल्लीत फोन लागला.

दादामियाँ घरात दखनी बोलायचे, पण हापशापाशी मराठी. लोखंडाला दखनी कळत नाही असं त्यांचं मत.

"अब्बा, हापसा बंद पडलाय."

"कवा?"

"आज."

"आज कुठला? तेरा दिस झाले की!" धुरपदाबाई मागून म्हणाली. तिला मरण लपवायला सांगितलं होतं, हापशाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

दादामियाँ फोनच्या जवळ आले. पडद्यावर नुसतं कपाळ दिसू लागलं. "तेरा दिस? सरदारबी तर रोज म्हणती चाललाय. मंग पाणी कुठनं आणती ती?"

"आमच्या मळ्यातनं," धुरपदाबाई म्हणाली, या वेळी हळू.

"दीड किलोमीटर? तो चढ चढून? डोक्यावर?" कपाळावर आठ्या पडल्या. "बोलवा तिला. जरा विचारतो."

 तबस्सुम म्हणाली, "पाण्याला गेलीय."

"मळ्यात?"

"हां."

"बरं. येईस्तवर उघडून टाकू. तिला म्हणायचं, आपोआप झाला." दादामियाँ एकदम खुशीत आले. "चल, फोन खाली धर. वरचं झाकण कोण काढतंय? दगडोबा? या अल्ला. लेका, ती मोटर न्हाय, शॉक बसणार न्हाय. उघड."

दगडोबानं झाकण उघडलं. साखळी होती, साखळीच्या खाली काही नव्हतं.

"तळची कडी तुटून सळई खाली बसलीय. काय न्हाय झालं, दम लागलाय त्येला. बोल्ट हाय का जाडसर?"

"नांगराचा हाय."

"चालंल. पाने माझ्यापाशी हायत, तुमी ट्रॅक्टरचे घ्या. आता वरचं डोकं, हेड, उतरवा. चौघं लागत्याल, बघ कुणी मिळतंय का."

कुणी म्हणजे, गल्लीत तेव्हा साठ माणसं होती. तबस्सुमनं फोन फिरवला आणि फिरवल्यावर तिच्या लक्षात आलं की फिरवायला नको होता.

दादामियाँनी डोळे बारीक करून बघितलं. "आज जुम्मा हाय का?"

"मंगळवार, अब्बा."

"मंग ह्या टोप्या कशाला? चौतीस वर्षं मी हापसे उघडतोय, पाना द्यायला कुत्रं थांबलं न्हाय. आज सगळी जमात आलीय! भाईजान, तुमी वाशीहून हितं कसं?"

"सहज," मामू म्हणाले.

"डोळं का लाल झालेत?"

"डोळं आलेत."

"दगडोबा, तुझं बी?"

"साथ हाय," दगडोबा म्हणाला आणि बोल्टवर वाकला.

"सगळ्या गल्लीला?" दादामियाँ म्हणाले. "थेंब घाला कायतरी. सरदारबीला जवळ येऊ देऊ नका, तिचं डोळं आधीच नाजूक हायत."

यावर गुस्लच्या दोघींपैकी एक तोंडात पदर कोंबून आत गेली.

काम सुरू झालं. हेड उतरलं. सळईला पकड घालून दोघांनी वर ओढली, दगडोबानं साखळी फिरवली, नांगराचा बोल्ट बसला. दादामियाँ सहा हजार किलोमीटरवरून शिव्या देत होते आणि माणसं त्या मुकाट्यानं घेत होती. मधेच त्यांच्या मागून अमरसिंह साहेब डोकावले, म्हणाले, "मिस्त्री, आपला हापसा?" दादामियाँ म्हणाले, "हा पण आपलाच हाय साहेब, दोन मिनिटं." पिवळ्या डब्यांच्या बायका गुडघ्यावर वाकून फोनमध्ये बघू लागल्या. त्यांना सगळं कळत होतं. एकीनं आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि बोटानं दाखवलं: साखळी उलटी बसवली होती. दगडोबानं ती सुलटी केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हापशाच्या बाबतीत कुणाचं ऐकलं.

पावणेअकराला हेड परत चढलं. दोघं हँडलला लागले. हँडलचे वीस हापसे कोरडे गेले. मग खालून खोकल्यासारखा आवाज आला, आणि लालसर पाणी भसकन बाहेर पडलं.

कुणी ओरडलं नाही.

बंद हापसा चालू झाला आणि ईटमधली माणसं ओरडली नाहीत, असं आजवर झालं नव्हतं. एकदा तर लोकांनी दादामियाँना खांद्यावर घेऊन गटारीत पाडलं होतं.

"आलं न्हाय का?" दादामियाँनी विचारलं.

"आलं, अब्बा."

"मंग गप का सगळी?"  मग त्यांना दुसरंच सुचलं. "तबस्सुम, कुणाला तरी मळ्याकडं पळव. अम्मीला म्हणावं रिकामी ये. पाणी हितं हाय, आता ती कशाला भरती तिकडं?"

नुसतं 'हां' म्हणायचं होतं. एक अक्षर. मामू तिच्याकडं बघून मान हलवत होते: म्हण, हां म्हण. तेवढ्यावर नऊ दिवस निभावले असते. पण रोज फोन येणार, रोज कुणीतरी म्हणणार पाण्याला गेलीय, आणि अब्बा दर वेळी विचारणार की दारात हापसा चालू असताना ही बाई जाते तरी कुठं. आणि समोर पाणी पडत होतं. जिच्यासाठी पडत होतं तिच्या नवऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

"अब्बा," तबस्सुम म्हणाली, "हे पाणी अम्मीसाठीच काढलंय."

पलीकडं दादामियाँचा चेहरा हलला नाही. नेट गेलं असं सगळ्यांना वाटलं. पण मागची बाई डबा या हातातून त्या हातात घेताना दिसत होती. दादामियाँ टोप्या बघत होते. मामूंचे डोळे बघत होते. उघड्या दारातून दिसणारी, मयताच्या घरी ठेवतात तशी उभी करून ठेवलेली बाज बघत होते.

"कितने बजे?" त्यांनी विचारलं.

"फजर के बाद. बैठे-बैठेच."

मामू हापशाच्या कट्ट्यावर बसले.

 हँडलवरची माणसं थांबायचं विसरली होती. मग दादामियाँ परत मराठीत बोलले.

"हे पाणी घेऊ नका. गंजाचं असतंय पैलं. शंभर हापसे सोडून द्या. दगडोबाला मोजू देऊ नको, चुकतोय तो. तू मोज."

तबस्सुम मोजू लागली. पलीकडून दादामियाँही मोजत होते. फोन उशिरा पोचवत होता, त्यामुळं ती बारा म्हणायची तेव्हा त्यांचा अकरा यायचा. चाळिसाला पाणी पिवळट झालं. साठाला त्यांचा आवाज बंद पडला, ओठ मात्र हलत होते. शंभराला पाणी असं नितळ पडू लागलं की खालची फरशी दिसावी.

धुरपदाबाईनं हंडा लावला. भरल्यावर तिनं ओंजळीत घेऊन वास घेतला, आणि मान हलवली.

"अब्बा," तबस्सुम म्हणाली, "तोंड दाखवू का?"

"नको बेटा. फोनमधी नको. तिला म्हण… काय न्हाय. जा, पाणी निवंल."

थंड पाणी कसं निवणार, हे कुणी विचारलं नाही. तबस्सुमनं फोन दगडोबाच्या हातात दिला, हंड्याला एका बाजूनं हात घातला, दुसऱ्या बाजूनं धुरपदाबाईनं, आणि दोघी सांडू न देता उंबरा ओलांडून आत गेल्या. दार लागलं.

दगडोबाला फोन बंद करता येत होता. पण करावा की नाही हे कळेना. तो हात लांब धरून उभा राहिला. वीस वर्षांत दोघं एकमेकांकडं इतका वेळ न भांडता कधी बघत बसले नव्हते.

"जेवलाव का?" शेवटी दगडोबानं विचारलं.

"हितं अजून सकाळच हाय, दगडोबा."

"व्हय का," दगडोबा म्हणाला.  हात भरून आला तेव्हा त्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला.