पालेगावची काळी दोन

मित्रांनो, मी पालेगावच्या भजनी मंडळाची जुनी बाजाची पेटी आहे, आणि आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी आहे. कोणी भाता उघडला की वाटतं, हा वाजवायला आलाय की आत डोकावायला? बावीस वर्षं देवळात काढली की असंच होतं.

माझ्या अंगावर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या आहेत. गाणारा ज्या पट्टीच्या सुराला आपला 'सा' मानतो, ती त्याची पट्टी. पूर्वी गवई तंबोरा आपल्या गळ्याला जुळवून घेत. पुढे आमची जात साहेबांच्या देशातून इकडे आली. आमच्या सुरांना काही पिळून चढवता-उतरवता येत नाही, म्हणून लोक पट्ट्या मोजू लागले. काळी एक, पांढरी दोन, काळी दोन. आता तर भांडणाऱ्यालासुद्धा म्हणतात, "वरच्या पट्टीत बोलू नको!"

आमच्या मंडळाचे बुवा दौलतराव काळी दोनचे. ही गोष्ट गावात इतकी पक्की, की लग्नाच्या पत्रिकेत छापली असती तरी कोणी हसलं नसतं. तीस वर्षं सप्ताहाच्या शेवटच्या दिवशीचा पहिला अभंग त्यांचाच. वरची जागा घेताना डोळे मिटायचे, आणि बायका हातातलं काम थांबवायच्या. त्यांची सून नूतन मला वाजवते.

माझी मात्र कोणी विचारपूस केली नाही. अगरबत्तीचा धूर, पावसाळ्याची ओल, खिरापतीची साखर, सगळं माझ्या पोटात. यंदा सप्ताहाच्या तोंडावर माझ्या दोन पट्ट्या दाबल्या तरी गप्प राहू लागल्या, तेव्हा कुठे मला रिक्षात घालून उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत, कॅम्प दोनमध्ये नेलं.

तिथे हरेशचं पेट्या दुरुस्तीचं दुकान. मृदंग वाजवणाऱ्या कमळाकरने निघतानाच दौलतरावांच्या कानात सांगितलं होतं, "लक्ष ठेव बुवा. जुन्या रीड काढतात आनि नव्या फालतू घालतात." माझ्या पोटात सूर धरणाऱ्या पितळी पट्ट्या असतात, त्या रीड. झालं! दौलतराव सकाळपासून स्टुलावर ठाण मांडून बसले. हरेशने चहा दिला, तरी नजर त्याच्या बोटांवरच. दुपारी मात्र ते जेवायला उठले, आणि नेमक्या त्याच वेळी हरेश माझ्या रीड आतल्या खोलीत घेऊन गेला. खरं सांगू? मीही घाबरले. परत बसवल्यावर मी वाजले ती लख्ख, पण माझा आवाज मलाच परका वाटला.

देवळात तालीम झाली. नूतनने काळी दोन धरली. दौलतरावांनी डोळे मिटले, वरच्या जागेकडे गेले, आणि त्यांचा आवाज चक्क फाटला. तीस वर्षांत पहिल्यांदा! कोणी कोणाकडे बघेना.

"ह्यो माझा सूर नाय!" दौलतराव ओरडले. "कॅम्पवाल्यानं रीड बदलल्या. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत एकेका मंडळाला सांगतो, चोर हाय तो!"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मला आज त्याची लाज वाटते.

नूतनने हरेशला फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्कूटरवरून आला आणि सगळ्यांसमोर त्याने मला उघडलं. "देखो काका. एकेक रीड तुमचीच आहे. बुडाशी काळी, फक्त टोकाला चमकते. नवी असती तर सगळीच चमकली असती. धूळ बसली की सूर खाली येतो. मी आतल्या शांत खोलीत साफ करून जागेवर आणला, बस."

दौलतरावांचा विश्वास बसेना. मग नूतनने मोबाइलवर गेल्या वर्षीच्या सप्ताहातला त्यांचा अभंग लावला आणि माझी काळी दोन दाबली. जुळेना. एक पट्टी खाली उतरून तिने पांढरी दोन दाबली. जवळजवळ जुळली.

हरेश हळूच म्हणाला, "काका, पेटी बावीस साल उतरत होती. तुमचा गळापण. दोघं बरोबर उतरले, म्हणून कुणाला पता नाही लागला."

दौलतरावांनी मला हरेशपुढे सरकवलं. मग म्हणाले, "मंग परत उतरव. व्हती तशी कर."

बापरे! हरेशने नाइलाजाने पिशवीतून कानस काढली. माझे चांगले सूर आता खरवडले जाणार, तेही एका माणसाचं नाव काळी दोनवर राहावं म्हणून. मी नुसता भाता. मला कोणी हवा दिल्याशिवाय ओरडतासुद्धा येत नाही. कानस पहिल्या रीडला टेकली, तोच दौलतरावांनी हरेशचं मनगट धरलं. "ऱ्हाव दे," एवढंच म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले. यंदा ते गाणार की नाही, हे नूतनलाही ठाऊक नव्हतं.

शेवटच्या दिवशी देऊळ गच्च भरलं. दौलतराव आले आणि जागेवर बसले. नूतनचं बोट सवयीने काळी दोनवर गेलं.

"पांढरी दोन दे गो, नूतन," ते म्हणाले. हळू नव्हे, मागच्या ओळीतल्या पोरांनाही ऐकू जाईल असं. "माझा गला उतरलाय. पेटी बराबर हाय. आनि तो हरेश मागं का उभा? त्याला पुढं बसवा. चोर म्हटला मी त्याला, माझं चुकलं."

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा देवळात पेटी असेल तर वर्षातून एकदा तिला उघडा, पुसा, कोरड्या जागी ठेवा. मी जीव लावून सांगते. आम्हांला धुळीत टाकलं, की आम्ही तुमच्याशी खोटं वाजू लागतो. ते खोटं तुम्हाला गोड लागतं, आणि मग खरा सूर घेऊन आलेला माणूस तुम्हाला चोर वाटतो.