बिलातली बेचाळिसावी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी, जांभळ्या रंगाची व्हीलचेअर आहे. माझी बैठक जेमतेम दहा इंच रुंद आहे, कारण मला सहा वर्षांच्या एका मुलीच्या मापाने बनवलं होतं. तिचं नाव रेना टिब्स.

अमेरिकेच्या दक्षिणेला टॅलो बेंड नावाचं नदीकाठचं गाव आहे. तिथल्या जत्रेत पाळण्याची कडी तुटली आणि रेना वरून खाली पडली. पाठीचा कणा मोडला. तिची आई लोरेटा कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात कामाला होती. इस्पितळाचा खर्च जन्मभर राबूनही तिला झेपला नसता. तो राज्याच्या वैद्यकीय मदत खात्याने उचलला, आणि मलाही त्याच खात्याने पाठवलं.

पहिल्या दिवशी रेनाने माझ्याकडे पाठ फिरवली. लोरेटाने जबरदस्ती केली नाही. ती मला नुसती पलंगाशेजारी ठेवून मक्याचा पाव भाजायला गेली. तिसऱ्या दिवशी रेना माझ्यात बसली. महिनाभरात ती स्वतःच्या हातांनी चाकं फिरवू लागली, चर्चच्या लांब ओसरीवर पोरांशी शर्यती लावू लागली. तिचे तळवे घट्ट झाले. मला त्या तळव्यांचा फार अभिमान वाटे.

पण मुलं वाढतात, आम्ही वाढत नाही. नवव्या वर्षी रेनाचे गुडघे वर येऊ लागले, कंबर माझ्या कडांना घासून तिथे जखम झाली. तिला कळत नव्हतं, कारण तिथे तिला स्पर्शच जाणवत नसे. लोरेटा रोज रात्री तिथे औषध लावायची. मोठी खुर्ची मागितली, तर पाच वर्षांच्या आत दुसरी मिळत नाही, असं खात्याचं उत्तर आलं.

मग सगळी आशा लोरेटाने जत्रेच्या कंत्राटदाराविरुद्ध लावलेल्या दाव्यावर राहिली. तिचे वकील हॅस्केल प्रुइट यांनी हिशेब मांडला होता: रेनाचं नुकसान पन्नास लाख डॉलरचं. कंत्राटदाराचा विमा मात्र पाच लाखांचाच. तेवढ्यावर तडजोड झाली. लोरेटाने न्हाणीघराचं दार मोजून ठेवलं. रेनाने नव्या खुर्चीसाठी हिरवा रंग निवडला.

तेव्हा मदत खात्याची नोटीस आली. मुलीवर केलेला खर्च या रकमेतून परत हवा होता.

कोर्टात मीही होते, रेनाच्या खाली. प्रुइट म्हणाले, मुलीला नुकसानाचा दहावा भाग मिळाला, तर खात्यानेही आपल्या खर्चाचा दहावा भागच घ्यावा. खात्याची वकील तरुण होती, तिचा आवाजही मऊ होता. तिने सांगितलं, पुढच्या उपचारांसाठी ठेवलेल्या पैशांवरही खात्याचा हक्क कायद्याने आहे आणि परत आलेला पैसा दुसऱ्या आजारी मुलांवरच खर्च होतो. मग तिने बिल वाचायला घेतलं. शस्त्रक्रिया, औषधं, नळ्या. बेचाळिसाव्या ओळीवर ती म्हणाली, “लहान मुलाची व्हीलचेअर, एक.”

मित्रांनो, इतकी वर्षं मी स्वतःला भेट समजत होते.

लोरेटा उभी राहिली. “परत घ्यायचं होतं, तर मदत का म्हणालात? उसने देतोय म्हणायचं होतं. मी निदान या पैशांची वाट तरी पाहिली नसती.”

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “बाई, हा कायदा मला पटतो का, असं तुम्ही विचारलं असतंत, तर वेगळं उत्तर दिलं असतं. पण माझ्यासमोर तो प्रश्न नाही.”

निकाल खात्याच्या बाजूने लागला.

बाहेर येताना रेनाने विचारलं, “आई, म्हणजे ही खुर्ची मी विकत घेतली?”

“हो गं. आता कुणी मागायला आलं, तर देऊ नकोस,” लोरेटा म्हणाली आणि तोंड फिरवून गाडीच्या किल्ल्या शोधू लागली. किल्ल्या तिच्या हातातच होत्या.

खातं आणि वकील यांचा वाटा गेल्यावर जे उरलं, त्यात न्हाणीघराचं दार रुंद झालं. बाकीची रक्कम पुढच्या वर्षांत लागणाऱ्या नर्ससाठी राखून ठेवावी लागली. हिरवी खुर्ची आली नाही. चर्चमधल्या एका वारलेल्या आजोबांची मोठी खुर्ची मिळाली. दोन्ही बाजूंना उशा कोंबून रेनाला तिच्यात बसवतात. जखम भरली, हे खरं. त्यासाठी मी त्या खुर्चीची ऋणी आहे.

मला कोपऱ्यात ठेवलं आहे. माझ्यावर धूळ बसते, त्याचं दुःख नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे: जखमी मुलाच्या वाट्याला आलेल्या पैशाची मोजदाद करायला बसाल, तेव्हा आधी त्या मुलाचं माप घ्या. मोठ्या खुर्चीत रेनाचे हात चाकांपर्यंत पोचत नाहीत. शाळेतून आली की तिला खिडकीशी बसवतात, आणि आई कामावरून येईपर्यंत ती तिथेच असते. तिचे तळवे आता पुन्हा मऊ होऊ लागले आहेत.