लागलेलं हसू

मित्रांनो, हातोडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर खिळे येत असतील. मी आजवर एकही खिळा ठोकलेला नाही. माझं डोकं रबराचं आहे आणि दांडा पोलादी. माझा मार बसतो माणसांच्या गुडघ्यांवर, कोपरांवर आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर. मेंदूचे डॉक्टर खिशात ठेवतात ती हातोडी मी. आता बरीच जुनी झाले आहे.

माझा जन्म लेथ मशीनवर झाला. ते मशीन चालवणाऱ्या टर्नरने मला बोटावर आडवं ठेवून तोल पाहिला, थोडं घासलं, पुन्हा पाहिला. मनगट सैल सोडलं की मी आपल्याच वजनाने पडायला हवी. ढकलावी लागली तर ती हातोडी फुकट. पुढे मला एका विद्यार्थिनीने विकत घेतलं. ती शिकली, मेंदूवर शस्त्रक्रिया करू लागली आणि सगळे तिला डॉक्टरबाई म्हणू लागले. मी तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात राहिले.

काम साधं होतं. गुडघ्याखाली टक्कन पडायचं आणि पाय कसा उडतो ते बाईंना पाहू द्यायचं. उडाला तर पायापासून मणक्यापर्यंतची वायर शाबूत. उडालाच नाही तर ती कुठेतरी तुटली. फारच उडाला तर घोटाळा वर, डोक्याच्या बाजूला. त्या दिवसांत माझं कौतुक व्हायचं. मग मोठमोठी स्कॅनची मशिनं आली. रोगी फोटोंचं पाकीट घेऊनच येऊ लागले. एक गृहस्थ तर बाहेर जाऊन म्हणाले, "नुसतं ठोकून सोडलं हो, मशीनमध्ये घातलंच नाही." हळूहळू मी टेबलाच्या खणात, टाचण्यांच्या डबीशेजारी जाऊन पडले. माझं रबर कडक व्हायला लागलं.

अशा दिवसांत एकदा खण उघडला आणि बाईंनी मला बाहेर काढलं. समोर एक मुलगी पाय हलवत बसली होती. दुसरीत शिकणारी. घरात तिला सगळे हसरी म्हणत. सोबत तिची आई होती, कपडे शिवणारी, आणि मामा, बस चालवणारा.

"अलीकडे ही मधेच थिजते," आई म्हणाली. "हाक मारली तरी ओ देत नाही. आलेली अक्षरं विसरायला लागलीय. आधीच्या डॉक्टरांनी स्कॅन केला, तर सगळं नॉर्मल. आता लोक म्हणतात नाटक करते. आणि हिचं ते हसणं."

"कसलं हसणं?"

"वर्गात एका मुलीचं बोट दारात चेंगरलं. ती विव्हळतेय आणि ही हसत सुटली. हिला वर्गाबाहेर उभं केलं. घरी आल्यावर मीही दोन ठेवून दिल्या."

मामाने वातावरण हलकं करायला पाहिलं. "मॅडम, आमच्याकडे हसण्याचा कारखाना आहे. रविवारीसुद्धा बंद नसतो."

बाईंनी मला उचललं. उजवा गुडघा ठीक, डावा ठीक. ठोकता ठोकता त्यांनी सहज विचारलं, "का गं हसलीस तेव्हा?"

"मी नाही हसले. मला हसू लागलं."

"हसू आलं म्हणावं," आई म्हणाली. "कितीदा सांगितलंय."

"येत नाही. लागतं."

मी हवेत होते. खाली आलेच नाही. बाईंचं मनगट तिथेच थांबलं.

"अजून काय काय लागतं तुला?"

"उचकी लागते. ठसका लागतो." मुलीने जरा विचार केला. "उचकीला पाणी पिता येतं. हसूला काहीच नाही."

"लागायच्या आधी कळतं?"

"पोटात कसंतरी होतं. मग तोंड आपोआप जातं."

बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे हसणं कधी कोणी मोबाइलवर घेतलंय का. मामाचा चेहरा खुलला. "ढीगभर. आमच्या डेपोत सगळे बघतात. दिवस वाईट गेला की हिचा एक लावायचा, की गाडी पुन्हा रुळावर."

"लावा. पण आवाज बंद करून."

मित्रांनो, त्यानंतर मी जे पाहिलं त्याने माझ्या पोलादाला घाम फुटायचा राहिला. आवाज होता तोवर ते हसणं होतं. आवाज गेला आणि उरला एक चेहरा. ओठ एका बाजूला ओढलेले. डोळे एका कोपऱ्यात जाऊन अडकलेले. मग पापण्यांची फडफड, एक आवंढा, आणि संपलं. त्या डोळ्यांत गंमत वाटल्याची खूण नव्हती. पुढच्या व्हिडिओत ती झोपाळ्यावर होती. तोच कोपरा, तीच फडफड, तोच आवंढा. त्याच्या पुढच्या व्हिडिओत ताप होता, कपाळावर ओली पट्टी होती. तेच. मग एक पाळण्यातला. तोंडात दात नव्हते, पण ओठ त्याच बाजूला ओढले गेले.

"पुढचा नको," मामा म्हणाला आणि मोबाइल उलटा ठेवला.

"ही हसत नाहीये," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "ही फिट आहे."

"फिट म्हणजे हातपाय झाडतात. तोंडाला फेस येतो," आई म्हणाली.

"मेंदूत ठिणगी कुठे पडते त्यावर ते ठरतं. हातपाय हलवणाऱ्या जागी पडली तर हातपाय झाडले जातात. हिच्या मेंदूत ती फार खोल पडते आणि हसण्याच्या वाटेने बाहेर येते. असे रुग्ण फार थोडे असतात. म्हणून कोणाला सुचलं नसेल."

आईने मुलीचा फ्रॉक दोनदा सारखा केला. मग विचारलं, "तान्ही होती तेव्हा मी पाळण्याशी वाकले की ही हसायची. तेसुद्धा?"

"काही हसू तिचं असेल, काही नसेल. आज ते वेगळं काढता येणार नाही मला."

मी इतकी वर्षं माणसांना ठोकत आले. असा फटका बसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

पुन्हा स्कॅन ठरला. या वेळी बाईंनी जागा नेमून दिली आणि तिथले काप अगदी पातळ घ्यायला सांगितले. त्या खोलीत मला प्रवेश नाही. आतला लोहचुंबक माझ्यासारखीला भिंतीपर्यंत खेचून नेईल. नर्सने मला बाईंच्या खिशातून काढून बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि मी दारापलीकडचे आवाज ऐकत राहिले.

"ही बघा गाठ. जुन्या स्कॅनमध्ये दिसली कशी नाही?" तंत्रज्ञाने विचारलं.

"तिथेही असणारच. दोन जाड कापांच्या मधे निसटली," बाई म्हणाल्या.

नंतर त्यांनी आईला समजावलं. मेंदूच्या तळाशी तहान, भूक, झोप आणि वाढ सांभाळणारी एक लहानशी जागा असते. तिला लागून वाटाण्याएवढी एक जादा गाठ होती. तिला हॅमार्टोमा म्हणतात. ती जन्मापासूनची. कॅन्सर नव्हे, पसरतही नाही. पण ठिणग्या तिथूनच पडतात आणि औषधांना सहसा दाद देत नाहीत. तसंच चालू दिलं तर मोठ्या फिट्स येऊ लागतात आणि मुलाची आठवण, अभ्यास, स्वभाव सगळं पोखरलं जातं. अक्षरं जात होती ती म्हणूनच.

"उपाय?" मामाने विचारलं.

"कवटीला एक बारीक भोक पाडायचं, त्यातून तारेसारखी लेझरची काडी गाठीपर्यंत न्यायची आणि ती गाठ तापवून मारायची. आजूबाजूला किती तापतंय ते मशीन सतत दाखवतं. तरी धोका आहे. नजर, आठवण, अंगातल्या मीठपाण्याचा तोल, यांपैकी काहीही बिघडू शकतं. आणि एकदा करून पुरेलच असं नाही."

"मॅडम, मी बस मागे घेतो ती आरशात बघून. तुम्ही?"

"मीही आरशात बघूनच. माझा आरसा जरा महाग आहे, एवढंच."

मामा हसला नाही. आईने सही केली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी खणात होते. तिथून काही कळत नाही. संध्याकाळी बाई खोलीत आल्या, खुर्चीत बसल्या आणि पाय लांब केले. निकाल त्यांनाही माहीत नव्हता.

तो कळला पुढच्या तपासणीला. मी टेबलावर होते. अंगातलं मीठ मोजायला रक्त हवं होतं म्हणून लॅबवाला सुई घेऊन आला. सुई टोचली आणि हसरी रडायला लागली. मामा दचकून तिच्या तोंडाकडे पाहू लागला. आईही. आजवर तिचं कुठलंच रडणं शेवटपर्यंत गेलं नव्हतं. मधेच हसू लागायचं आणि बघणारे म्हणायचे, बघा, लगेच हसली, किती गुणी.

ती रडतच राहिली. नाक गळू लागलं, हुंदके आले. ओठ कुठे ओढले गेले नाहीत.

"झालं गं राणी, झालं," लॅबवाला घाबरून म्हणाला. "हस बघू एकदा."

"नको," आई म्हणाली. "रडू द्या तिला. पूर्ण रडू द्या."

मुलीने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि म्हणाली, "आई, दुखतंय." दुखत असताना ती ते सांगू शकली, असं पहिल्यांदाच घडत होतं. आई तिथेच जमिनीवर बसली. बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. पुढे काय बिघडेल, ठिणग्या परततील का, हे त्या दिवशीही कोणी सांगू शकत नव्हतं.

मित्रांनो, माझं रबर आता भेगाळलंय आणि माझ्या जागी नवी हातोडी येईल. त्याचं मला वाईट वाटत नाही. मागणं एवढंच आहे. मी आयुष्यभर मारत आले, पण माझा प्रत्येक फटका हा प्रश्न असतो आणि तो विचारून मी उत्तरासाठी थांबते. तुमच्या वर्गात कोणी भलत्या वेळी हसलं, थिजलं, हातातलं सोडून बसलं, तर चिडवण्याआधी त्याला विचारा. त्याचं उत्तर व्याकरणात चुकलेलं असलं तरी मधे तोडू नका. कदाचित तेवढा एकच शब्द त्याच्याकडे असेल.