कडेला काही नाही

बेकरीवालीच्या डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा तिच्याहून जास्त हादरली ती तिची ताई. याच दुखण्यापायी ताईचा एक स्तन मागे पूर्ण काढावा लागला होता.

"तूही पूर्णच काढून टाक," ताईनं निक्षून सांगितलं. "मागाहून कटकट नको."

बेकरीवाली मान डोलवत राहिली, पण कणीक मळताना तिचे हात मधेच थांबायचे. आपल्याला तसं नकोय, हे बोलायचीसुद्धा तिला चोरी वाटे. जीव वाचतोय आणि हिला दिसण्याचं पडलंय, असं कुणी म्हणालं तर? नवऱ्याला विचारलं, तर तो "तू म्हणशील तसं" म्हणाला आणि डोळे लपवायला भट्टीकडे वळला.

डॉक्टरबाईंकडे दोघी बहिणी गेल्या.

"गाठ लहान आहे, एकाच जागी आहे," बाई म्हणाल्या. "तेवढीच, भोवतीच्या थोड्या चांगल्या भागासकट काढता येईल. कॅन्सर तिथवर पोचलाय का, हे बघायला काखेतल्या ग्रंथी तपासू. नंतर रेडिएशन मात्र चुकवायचं नाही. तुमच्या बाबतीत जिवाच्या दृष्टीनं हे पूर्ण काढण्याइतकंच भरवशाचं आहे. फक्त, काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर सापडला, तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

बेकरीवाली काही बोलायच्या आत ताईनंच विचारलं, "मग माझा पूर्ण का काढला? उगाचच?"

"तुमची गाठ एकच होती?"

"नाही. सगळ्या स्तनात पसरलंय म्हणाले होते."

"मग त्यांनी बरोबरच केलं. तिथं हा मार्ग चालला नसता."

ताईनं डोळे पुसले. इतकी वर्षं ही शंका मनात दाबून बसली होती बिचारी! धाकटीचा हात घट्ट धरून ती म्हणाली, "हिला हवं तसंच करा."

बेकरीवालीनं फक्त गाठच काढायला सांगितली. ऑपरेशन झालं. रिपोर्टची वाट बघताना ताई रोज बेकरीत येऊन बसू लागली. शेवटी बेकरीतच बाईंचा फोन आला.

"कडा स्वच्छ आहेत. ग्रंथींतही काही नाही."

बेकरीवाली पिठाच्या पोत्यावर बसली आणि ओरडली, "कडेला काही नाही!" नवरा धावत आला आणि लहान मुलासारखा हमसून रडला. मागे करपल्याचा वास सुटला.

"अगं बाई, पाव!" ती उठू लागली.

"जळू देत मेले!" ताई म्हणाली आणि तिनं दोघांना मिठीत घेतलं.