अर्धी चोखलेली गोळी

बबडी तेरा वर्षांची झाली तरी घरात तिला बबडीच म्हणत. त्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी साथीच्या रोगांचा धडा काढला आणि वर्गाला विचारलं, "ती मोठी साथ आली तेव्हा तुम्ही पहिलीत होतात. काय आठवतं?"

वर्गाला वाचाच फुटली. एकाला वाटायचं, विषाणू उंदराएवढा असतो, वर काटेरी. म्हणून तो रोज पलंगाखाली वाकून बघायचा. एकीला वाटायचं, बातम्या बंद केल्या की साथही बंद पडेल. तिनं रिमोटच लपवून ठेवला होता. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. बबडी मात्र वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या ओढत राहिली.

त्या साथीत तिच्या आजोबांना मागच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. वय झालेलं, त्यात दमा. तिकडे फिरकायचं नाही अशी सक्त ताकीद होती. पण आजोबा एकटेच घड्याळं उघडून बसतात हे बबडीला बघवेना. एका दुपारी ती हळूच आत शिरली आणि तोंडातली अर्धी चोखलेली गोळी काढून तिनं त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनीही ती मिटक्या मारत खाल्ली. संध्याकाळी आजोबा तापानं फणफणले. अकरा दिवस इस्पितळात होते. परत येऊन ठणठणीत झाले, पण हे आपणच केलं, हे बबडीच्या मनातून जाईना. सात वर्षांत तिनं चकार शब्द काढला नव्हता.

"विषाणू अंगात शिरला की लगेच ताप येत नाही," बाई सांगत होत्या. "मध्ये निदान दोन दिवस जातात, कधी चार-पाचही."

बबडीचं पेन वहीवर थबकलं.

घरी आली तशी ती दप्तरासकट आजोबांपुढे उभी राहिली. ते डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात डोकावत होते. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

आजोबांनी भिंग काढलं. "अगं वेडाबाई! त्या दिवशी सकाळपासूनच माझं अंग मोडून आलं होतं. बोललो नाही, इतकंच."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"मुळीच नाही." ते जरा घुटमळले. "त्याच्या चार दिवस आधी सगळे दुपारचे आडवे झाले होते, तेव्हा मी जिन्यात बसून खालच्या मजल्यावरच्या पोस्टमनशी बुद्धिबळाचे दोन डाव टाकून आलो होतो. आजीला सांगू नकोस हं."

"सांगायला कशाला हवं?" स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला. "पोस्टमनच्या बायकोनं तेव्हाच सांगितलंय. तुम्ही कधी कबूल करताय, त्याचीच वाट बघतेय!"

आजोबांचा चेहरा असा काही पडला, की बबडीला हसू आवरेना. हसता हसताच तिचे डोळे भरून आले. आजोबांनी तिला जवळ ओढलं. "एवढं मनात ठेवून हिंडत होतीस होय गं?"

दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून वर्गात हे सांगितलं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "माझी आत्या आजारी पडली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. विचारू का तिला?"

"विचार की," बबडी म्हणाली. "आणि ती कुठे कुठे जाऊन आली होती, तेही विचार!"